त्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरचे आभार मानायचे राहिलेत

बाबा जाऊन महिना झाला. वाईत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान, बत्तीस वर्षं त्यांनी एकट्याने ओढलं आणि रात्री शटर पाडून घरी येताना नातीसाठी खिशात एक तरी पेन्सिल असायचीच (तिचा डबा भरलाय नुसता). त्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून माल घेऊन स्वारगेटवरून एसटीने येत होते, खंबाटकी घाट चढताना छातीत दुखायला लागलं. कंडक्टरने त्यांना सीटवर आडवं केलं, घरी फोन लावला, ड्रायव्हरने मधे कुठेच न थांबता डायरेक्ट वाईत दवाखान्याच्या दारात गाडी लावली, एक पॅसेंजर कुरकुरला नाही, उलट दोघांनी उचलून आत नेलं. त्यामुळे आम्हाला दोन दिवस मिळाले, बोलता आलं बाबांशी.

संध्याकाळी ड्युटी संपवून कंडक्टर परत आला, मालाचे दोन्ही गठ्ठे, उधारीची वही आणि बाबांची एक चप्पल घेऊन. सीटखाली राहिली होती म्हणाला. पुसून आणली होती हो ती. गडबडीत नावही विचारलं नाही.

दादा, तुमचे आणि ड्रायव्हरकाकांचे खूप खूप आभार. दुकान चालू आहे, आता आई बसते. चहा राहिलाय तुमचा.