पानावर बोट ठेवून बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चातुर्मास लागला की वाईत संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या देवळात प्रवचन असतंच. आमच्या आळीत गेल्या वर्षी महाभारत होतं. एकलव्याची गोष्ट झाली, अंगठा झाला, 'धन्य ती गुरुभक्ती' झालं आणि बुवा पुढच्या कथेकडे वळणार, तेवढ्यात बायकांमधून अकरावीतली एक मुलगी उठली. "द्रोणांनी त्याला शिकवलंच नव्हतं, मग दक्षिणा कसली मागितली?" एवढंच तिचं विचारणं. बुवा म्हणाले, "गुरूंनी परीक्षा पाहिली. शंका घेऊन पोथी ऐकू नये बाळ, फळ मिळत नाही." लोक हसले. मागे खांबाला टेकून उभा असलेला कॉलेजातला एक पोरगा ओरडला, "सगळं थोतांड आहे, जाळून टाका एकदा!" मग व्हायचा तो गलका झाला, आरती कशीबशी उरकली आणि ती पोर चपला शोधता शोधता डोळे पुसत होती.

मी तिथेच बसले होते, गप्प. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, दर गुरुपौर्णिमेला हीच गोष्ट याच थाटात सांगितली. मला तरी कुठे हा प्रश्न पडला होता?

दुसऱ्या दिवशी दोघांनाही घरी बोलावलं. पोरगा येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. सासऱ्यांच्या कपाटातलं आदिपर्व काढलं. वर मूळ श्लोक, खाली मराठी अर्थ, पानांना कसर लागलेली. अट एकच घातली: जे म्हणायचं ते पानावर बोट ठेवून म्हणायचं.

पहिल्या दहा मिनिटांतच तिघांचीही पंचाईत झाली. एकलव्य म्हणजे रानातला कुणी गरीब पोर, अशी माझी समजूत. तो निघाला निषादांचा राजा हिरण्यधनू याचा मुलगा. द्रोणांनी त्याला शिष्य का केलं नाही, तर 'नैषादिरिति चिन्तयन्', म्हणजे हा निषादाचा मुलगा आहे हे मनात आणून. जातीचं कारण मूळ श्लोकातच आहे, ते झाकायची सोय नाही. परीक्षेचा मात्र कुठे पत्ता नाही. तुझ्याहून वरचढ शिष्य होऊ देणार नाही, असा शब्द द्रोणांनी अर्जुनाला दिला होता, तो पाळायचा होता. पुढे तर स्वतः कृष्णच द्रोणपर्वात अर्जुनाला सांगतो की तुझ्या हितासाठी द्रोणांनी आचार्यपण पुढे करून कपटाने त्याचा अंगठा घेतला. शब्द आहे 'छद्मना'.

आणि अंगठा मागितला तो श्लोक. एकलव्याने ऐकलं ते द्रोणांचं 'वचो दारुणम्'. पोराने अर्थ वाचला, परत वर जाऊन मूळ शब्द वाचला आणि म्हणाला, "म्हणजे लिहिणाऱ्याला पण खटकलंच होतं की, बाई!" लगेच पुढे येतं की अर्जुन 'विगतज्वर' झाला, त्याचा ताप उतरला. त्यावर ती मुलगी म्हणाली, "दुसऱ्याचा अंगठा गेल्यावर?" चहा तसाच गार झाला. दीड तास चालला तो वाद आणि मिटला नाही. व्यास इथे दोष देतात की नुसतं सांगतात, यावर दोघांचं आजही जमत नाही. पण 'जाळून टाका' हे त्या पोराच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

बुवांवर माझा राग नाही. आवाज गोड आहे, पाठांतर दांडगं आहे. फक्त शंकेने फळ जातं हे त्यांना कुणी सांगितलं, ते कळत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे. त्यांचा दासबोध सुरूच होतो 'श्रोते पुसती कोण ग्रंथ' असा. पहिली ओवीच श्रोत्यांच्या प्रश्नाची! आठव्या दशकात तर 'सूक्ष्म आशंका' नावाचा समास आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या अधिकरणात, म्हणजे एकेका मुद्द्याच्या चर्चेत, विषयानंतर संशय मांडल्याशिवाय निर्णयाकडे जाताच येत नाही. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य कळावं म्हणून वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड करायची ती वितंडा. मराठीने त्यातला वितंडवाद तेवढा रोजच्या वापरात ठेवला, हेही आपल्याला शोभणारंच.

वाईच्या माणसाला हे सांगावं लागावं याचंच वाईट वाटतं. इथल्याच प्राज्ञपाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतेच्या वादात उतरले आणि शास्त्रांचाच आधार घेऊन अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताची हस्तलिखितं ताडून पाहण्यात घालवला. कुठला श्लोक जुना, कुठला मागाहून घुसलेला, हे छापून सगळ्यांपुढे ठेवलं. त्याने व्यासांचं काही कमी झालं नाही.

तेव्हा मागणं साधं आहे. प्रवचनाची शेवटची वीस मिनिटं प्रश्नांसाठी ठेवावीत आणि ज्या ग्रंथावर बोलणं चाललंय तो व्यासपीठावर असावा. विचारणाऱ्याने आधी बुवांचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगावं, मग शंका काढावी. उत्तर येत नसेल तर 'उद्या बघून सांगतो' म्हणावं. वर्गात मी शंभरदा म्हटलंय, कुणी बाकावरून खाली पडलं नाही. आपल्या 'आजचे कार्यक्रम' या सदरात प्रवचनाच्या वेळेपुढे 'प्रश्नोत्तरांसह' एवढा एक शब्द छापता आला तर पाहावं.

यंदा बुवांकडे मी स्वतः जाणार आहे. ते नाही म्हणाले तर आमची ओसरी आहेच. येताना फक्त ज्याने त्याने आपलं पुस्तक आणावं, आमच्या प्रतीची पानं आता उलटायच्या लायकीची राहिलेली नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)