इन्व्हर्टरच्या खोक्यावर लाटेचा आकार छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कराडजवळ माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटर-पंख्यांत तांब्याची तार पुन्हा भरून द्यायचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एका बाईंचा पंखा भरून दिला. आठवड्यात त्या परत आल्या. "भाऊ, पंखा भुंग्यासारखा घोंघावतोय, वाइंडिंग नीट भरलं नाहीत तुम्ही." घरी जाऊन बघितलं. लाइट होती तोवर पंखा निमूट फिरत होता. मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरवर गेला आणि घूंऽऽ सुरू. अर्ध्या तासाने बंद करून हात लावला तर बॉडीला हात टेकवेना. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे झटक्याने उलटणाऱ्या चौकोनी लाटेचा निघाला. दुकानदाराने 'सगळं चालतं' म्हणून गळ्यात मारलेला.

घरात येणारी वीज साइन वेव्हची, म्हणजे गोलसर लाटेची असते. सेकंदाला ५० वेळा चढते, उतरते, उलटते, पण कुठे झटका नाही. ही कुणा इंजिनिअरची हौस नव्हे. कॉइलवरचा दाब (व्होल्टेज) करंट किती वेगाने बदलतो त्यावर ठरतो, आणि साइनच्या बदलाचा वेगही साइनच्याच आकाराचा असतो. त्यामुळे मैलोन्‌मैल तारा आणि रोहित्रं ओलांडून ती डीपीपर्यंत आपला आकार टिकवून येते. दुसरा कुठलाही आकार वाटेत मोडतो. शिवाय एकाच वारंवारतेच्या दोन साइन मिळवल्या तर बेरीजही साइनच. म्हणून तर कोयनेची वीज चंद्रपूरच्या विजेत मिसळते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारतही त्याच ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांच्या तालात आला. मला त्या दिवसाचा फार अभिमान वाटतो.

चौकोनी लाटेच्या पोटात मात्र ५० च्या जोडीला १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लाटा दडलेल्या असतात. १५० ची उंची तर मूळ लाटेच्या तिसरा हिस्सा. त्या पंख्याचा वेग वाढवत नाहीत, नुसतं लोखंड आणि तांबं तापवतात. तो घूं आवाज त्यांचाच.

आम्ही मोटर भरतो तेव्हाही अशाच जादा लाटा मारायला बघतो, फक्त त्या मोटरच्या चुंबकी क्षेत्रातल्या. ३६ स्लॉटची (तार बसवायच्या खाचांची) चार पोलची (चुंबकी ध्रुवांची) मोटर असेल तर कॉइलची पूर्ण पिच, म्हणजे तिच्या दोन बाजूंमधलं अंतर, १ ते १० होते. आम्ही १ ते ९ टाकतो. नव्या पोराला वाटतं, मालक तार वाचवतोय. तसं नाही. एक स्लॉट आखडल्याने त्या क्षेत्रातल्या पाचपट आणि सातपट लाटा दबतात. मोठ्या जनरेटरमध्येही कॉइलची पिच अशीच आखडती ठेवतात.

साइन वेव्हचा इन्व्हर्टर महाग पडतो, हे मला ठाऊक आहे. ज्याला फक्त दोन बल्ब लावायचे त्याने चौकोनी जरूर घ्यावा. पण घेणाऱ्याला ते कळायला हवं. खोक्यावर 'चौकोनी लाट' असं ठळक मराठीत छापा, आणि पंखा, मिक्सर, पंप यांना तो त्रासाचा आहे हेही त्याच अक्षरात. शासनाने एवढी सक्ती करावी.

त्या बाईंसमोर मी पंखा पुन्हा उघडला. वेढे मोजून दाखवले, एकही कमी नव्हता. इन्व्हर्टर मात्र दुकानदाराने परत घेतला नाही.

— एक मोटर रिवाइंडर, कराड