फवारणीनंतर मान उचलली जात नसेल तर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कपाशीवर फवारणी जोरात चालूये म्हणून लिहितोय, शेतीच्या पानावर छापा ही विनंती. मागच्या सीझनला शेजारच्या शेतातला सालदार दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारत होता, संध्याकाळी बघतो तर घामाने चिंब, पापणी सारखी फडफडतेय, दंडाचं मांस आपोआप उडतंय. "काही नही भाऊ, ऊन लागी गयं" म्हणे. ऊन नव्हतं ते, फवारणीच्या औषधाची विषबाधा होती.

हात उचलायचा म्हटलं की ऑर्डर मेंदूतून निघते, मज्जारज्जूतून खाली येते आणि नसेने स्नायूपर्यंत जाते. पण नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये अगदी बारीक फट असते, तिथे नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते पलीकडे पोचलं की स्नायू आवळतो. ते लगेच तोडून टाकणारं एक एन्झाइम त्याच फटीत असतं, म्हणून तर हात परत सैल पडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस सारखी औषधं ह्या एन्झाइमलाच बंद पाडतात, किडीचंही आणि आपलंही. मग रसायन साचत जातं, स्नायू आधी फडफडतो आणि नंतर मेंदूने कितीही सांगितलं तरी ऐकत नाही.

सालदाराला दवाखान्यात ॲट्रोपिन दिलं, घाम लाळ थांबली, बरं वाटतंय म्हणून घरच्यांनी दुसऱ्या दिवशी घरी आणलं. तिसऱ्या दिवशी उशीवरून मानच उचलली जाईना. ॲट्रोपिन घाम, लाळ, छातीतला कफ ह्यावर चालतं, स्नायूच्या त्या फटीत नाही, आणि हा अशक्तपणा साधारण १ ते ४ दिवसांनी येतो, आधी मान मग श्वासाचे स्नायू. पळतपळत परत नेलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं, वाचला बिचारा. २०१७ ला यवतमाळकडे फवारणीत किती माणसं गेली ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

तुमचा पेपर आमच्याकडे पारावर वाचला जातो, म्हणून एवढं चौकटीत टाकाच. पापणी किंवा मांस उडायला लागलं की फवारणी तिथेच थांबवा, कपडे काढून साबणाने अंघोळ घाला, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टर सोडत नाहीत तोवर पेशंटला घरी आणू नका, खर्चाचं नंतर बघता येईल, आणि रोज त्याला झोपल्या जागी मान उचलायला लावा, नाही उचलली तर त्याच मिनिटाला डॉक्टरला हाक मारा.

आपला वाचक,
एक कापूस उत्पादक शेतकरी, ता. चोपडा, जि. जळगाव