फ्लेक्सवाल्या भाऊंना, आमच्या गोऱ्ह्याबद्दल

भाऊ, दुकानात तुमच्याशी धड बोलणं होत नाही, लग्नसराई सुरू झाली की तर विचारूच नका, म्हणून इथंच लिहिते, बाकीच्यांनीही वाचलं तर बरंच आहे.

आमच्या बचत गटाची जवसाची चटणी आता गोऱ्ह्याचं चित्र असलेल्या पाऊचमध्ये जाते. पोरं बघितल्या बघितल्या म्हणतात, हा तर तान्ह्या पोळ्याचा नंदी! आम्हाला तेच पाहिजे होतं.

तुम्ही बसल्या बसल्या कोरलमध्ये (तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढून दिला असता, पैसेही घेतले असते, आमची काही ना नव्हती. पण तुम्ही म्हणाले, "काढून देतो ताई, पन उद्या तिळाची चटनी आनली का पुन्हा या लागन तुमाले, त्यापेक्षा शिकूनच घ्या ना." आणि लॅपटॉपवर इंकस्केप नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, ते फुकट आहे हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

शिंगांचं तर मी सगळ्यांना सांगत असते. नेटवर बैल शोधला की लांब शिंगांचाच येतो, तुम्ही म्हणाले हा तिकडचा खिल्लारी झाला, आपल्या वर्ध्याकडचा गवळाऊ बघा, शिंग आखूड, अंग पांढरं. आखूड शिंगाचा फायदा असा की गोल स्टिकरमध्ये डोकं मोठं घेता येतं, टोकं कापली जात नाहीत. मग वशिंड. एक नोड (रेषेवरचा ठिपका) मानेशी, एक वर, एक पाठीकडं, बस, बाकी गोलाई नोडची हँडल म्हणजे दांडी ओढून काढायची, मधे नोड वाढवले की लाइनीला गचके येतात. आउटलाइनचं स्ट्रोक टू पाथ करून ठेवा, म्हणजे रेषेचाच आकार बनवून टाका म्हणाले ते आता पटतं, कारण तोच गोऱ्हा छोट्या स्टिकरवरही आहे अन् स्टॉलच्या बॅनरवरही, आणि रेषा दोन्हीकडं चित्राच्या मानानंच जाड दिसते.

पांढऱ्या रंगाचं तुम्ही आधीच सांगितलं नसतं तर फजितीच होती. पारदर्शक पाऊचवर पांढरी शाई खालून वेगळी छापावी लागते, नाहीतर गोऱ्ह्याच्या पोटातून चटणी दिसली असती!! (सासूबाई म्हणे, दिसू द्या ना, खाल्ली असन त्यानं.) शिवाय बैलाचं तोंड बघून कोणाला भलतीच शंका नको म्हणून व्हेजचा हिरवा ठिपका पुढच्याच बाजूला, नावाजवळ घ्यायला लावला, तेही बरोबरच होतं.

प्रेसवाल्याला फाइल द्यायच्या आधी अक्षरं पाथ करून, म्हणजे अक्षरांचेही आकार बनवून, पीडीएफ काढली तीही तुमच्यासमोरच, चहासुद्धा तुमचाच प्यायलो आम्ही.

तर भाऊ, मनापासून आभार. आता तिळाच्या चटणीचं काढतेय, गोऱ्हा तोच, फक्त झूल बदलली, लाल केली अन् गोंडे पिवळे. लाल जरा भडक वाटतोय मला. बुधवारी बाजाराला येते तेव्हा पेनड्राइव्ह आणते, पाच मिनिटं बघून द्या, अन् चटणीचे दोन पाऊच काढून ठेवलेत, त्याचे पैसे काढायचे नाहीत.