सत्कारांना पाऊण तास, वक्त्याला अकरा मिनिटे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोटरी या सेवाभावी संस्थेचे नवे वर्ष १ जुलैला सुरू होते. त्यामुळे सध्या गावोगावच्या क्लबांचे नियोजित अध्यक्ष आणि चिटणीस वर्षभराच्या सभांचे वेळापत्रक आखायला बसले असतील. तालुक्याच्या गावातील अशाच एका क्लबचा मी बावीस वर्षे सभासद आहे. वेळापत्रक कागदावर पक्के होण्याआधी एक गोष्ट जाहीरपणे मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सभेला बोलावलेल्या पाहुण्याच्या भाषणासाठी उरणारा वेळ वर्षागणिक आक्रसत चालला आहे, आणि तो त्याला परत मिळाला पाहिजे.

मागच्या थंडीतील आमच्याच एका सभेचे उदाहरण देतो. एका उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला बालकांच्या लसीकरणावर बोलण्यासाठी आम्ही बोलावले होते. सभा साडेसातची होती. घंटा पावणेआठला वाजली. मग राष्ट्रगीत झाले, सभासदांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस झाले, चिटणिसांच्या सूचना झाल्या, शेजारच्या क्लबमधून आलेल्या पाहुण्यांचे स्वागत झाले, प्रांतपालांच्या, म्हणजे परिसरातील रोटरी क्लबांच्या प्रमुखांच्या, भेटीच्या तयारीवर बराच खल झाला आणि वक्त्यांच्या परिचयाआधी आणखी तीन सत्कार उरकले गेले. बाईंच्या हाती माइक आला तेव्हा साडेआठ वाजले होते. त्यांनी सोबत आणलेला निळा लसवाहक डबा टेबलावर ठेवला, चार घड्यांचा कागद उलगडला आणि बोलायला सुरुवात केली. अकरा मिनिटांनी त्यांच्यापुढे ‘वेळ संपली’ अशी चिठ्ठी सरकवण्यात आली, कारण जेवण गार होत होते. डबा उघडायचा राहूनच गेला.

तो डबा नंतर जेवणाच्या टेबलावर उघडला गेला, आणि ते पाहायला आम्ही तिघेच होतो. त्यातून त्यांनी पोलिओ लसीची एक रिकामी बाटली काढून तिच्या लेबलावरचा छोटा गोल आणि त्या गोलातला चौकोन दाखवला. चौकोन गोलापेक्षा फिकट असेपर्यंत लस वापरायची. उष्णता लागत जाईल तसा तो गडद होत जातो, आणि दोन्हींचा रंग सारखा झाला की ती बाटली बाजूला काढायची. १९८५ साली रोटरीने जगभर पोलिओविरुद्ध मोहीम हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, हे आमच्या प्रत्येक पदग्रहण समारंभात अभिमानाने सांगितले जाते. लसीकरणाच्या रविवारी बूथवर उभे राहून मुलांच्या करंगळीला शाई लावणारे आम्ही सभासद. पण हातातल्या बाटलीवरचा तो चौकोन काय सांगतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. सभागृहातल्या चाळीस जणांना ते त्या रात्रीही कळले नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

स्नेहभेटीला माझा विरोध आहे असा कृपया कोणी अर्थ काढू नये. रोटरीचा जन्मच मुळी सहवासाच्या ओढीतून झाला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हे वकील, एक कोळशाचे व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी अशा चौघांची पहिली बैठक झाली, आणि पुढे आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमण्याच्या रिवाजावरून संस्थेला नाव मिळाले. मात्र ही माणसे वेगवेगळ्या धंद्यांतली होती आणि एकमेकांच्या कामाविषयी जाणून घेत होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. नव्या सभासदाने आपल्या व्यवसायावर एक भाषण करायचे, ही प्रथा त्यातूनच आली. आमच्याकडे ती जवळजवळ बंद पडली आहे. माझ्या शेजारी दर आठवड्याला बसणाऱ्या गृहस्थांचा शीतगृहाचा व्यवसाय आहे, एवढेच मला माहीत आहे. द्राक्षे तिथे किती दिवस टिकतात आणि वीज गेली तर काय करावे लागते, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही.

एका भाषणाने काय घडू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण लायन्स क्लबच्या इतिहासात आहे. १९२५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे भरलेल्या त्यांच्या अधिवेशनात अंध आणि बधिर असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी अंधांसाठी उभे राहण्याचे आवाहन केले, आणि लायन्सने ते आपले कार्य मानले. आज आपल्याकडे लायन्सचे नाव घेतले की नेत्रतपासणीची शिबिरे आणि नेत्र रुग्णालये आठवतात, त्याचे मूळ त्या एका भाषणात आहे. हेलन केलर यांच्यापुढे तिथे कोणी चिठ्ठी सरकवली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि ऐकण्याची सवय मराठी माणसाला कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली, म्हणजे रोटरीच्या तीस वर्षे आधी. गावोगावच्या व्याख्यानमालांत सतरंजीवर बसून तास-दीड तास ऐकणारी आणि मग वक्त्याला गाठून शंका विचारणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत.

म्हणून नव्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की वक्त्याला घंटेनंतर दहा मिनिटांच्या आत बोलायला उभे करावे, त्याला अर्धा तास द्यावा आणि पुढचा पाव तास प्रश्नांसाठी राखावा. सत्कार, वाढदिवस आणि सूचना जेवणाच्या वेळी सहज होतात. २०१६ पासून महिन्यातून दोनच सभा घेण्याची मुभा क्लबांना आहे. सभांची संख्या कमी होत असेल तर होवो, पण जी सभा होईल तिच्यात ऐकणे व्हावे. आणि वक्ते शोधताना मोठ्या शहरातील नामवंतांच्या तारखांसाठी महिनोन्‌महिने थांबण्यापेक्षा नगरपालिकेचा पाणी सोडणारा कर्मचारी, एसटीचा वाहक, वीज मंडळाचा निवृत्त लाइनमन यांनाही त्याच सन्मानाने बोलवावे.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. त्या सभेचे वृत्त आम्हीच वृत्तपत्रांकडे पाठवले होते. त्यात नऊ पदाधिकाऱ्यांची नावे होती, छायाचित्र होते आणि ‘मार्गदर्शन केले’ एवढे दोन शब्द होते. बाईंनी काय सांगितले याची एक ओळही नव्हती. क्लबांकडून येणाऱ्या अशा वृत्तात वक्त्याच्या म्हणण्याचा किमान एक परिच्छेद नसेल, तर ते छापू नये. आमच्या क्लबकडून आलेले असले तरीही.

आपला विश्वासू,
एका सेवाभावी क्लबचा जुना सभासद