न्यूरोफिलामेंटचा आकडा एकटा वाचू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रक्ताच्या एका तपासणीत मेंदूचं नुकसान कळणार’ अशा बातम्या अलीकडे वरचेवर येतात आणि लॅबच्या काउंटरवर ‘वडिलांची ती टेस्ट करा’ म्हणून विचारणा सुरू होते. ती टेस्ट म्हणजे बहुधा न्यूरोफिलामेंट लाइट या प्रथिनाची. पैसे मोजण्याआधी थोडं समजून घ्यावं.

मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे व्हाइट मॅटरला, लांब आणि अतिशय बारीक धमन्यांतून रक्त पोचतं. एखादी तुंबली तर शेजारून पुरवठा होण्याची सोय तिथे फारशी नसते. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी या धमन्यांच्या भिंती जाड करतं, साखर त्यात भर घालते. रक्त कमी पडलं की मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं, पुढे तंतूच तुटतात. त्यांतलं न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन मग रक्तात उतरतं, तेही पिकोग्रॅममध्ये मोजावं लागेल इतकंच.

पण हेच प्रथिन हातापायांच्या नसांतही असतं. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तरी आकडा वाढतो. किडनी मंदावली तरी वाढतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन ही किडनीची तपासणी हवीच. वयाबरोबर चढतो, लठ्ठ माणसात उलट कमी दिसतो, पक्षाघातानंतर काही महिने चढाच राहतो. सत्तरीतल्या मधुमेही आजोबांचा ‘हाय’ रिपोर्ट नुकसान कुठलं आणि कशामुळे, हे सांगत नाही. बातम्यांत येणाऱ्या जीएफएपी या मेंदूतल्या दुसऱ्या प्रथिनाचंही तसंच, ते अल्झायमरमध्येही वाढतं. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेली पी-टाऊ 217 या प्रथिनाची रक्ततपासणी तर अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइडसाठी आहे, रक्तपुरवठ्यासाठी नव्हे. बातम्यांत या सगळ्यांची सरमिसळ होते.

चाल मंदावली, पावलं आखूड पडू लागली, लघवीची घाई होते, हिशेबाला वेळ लागतो, तर ही व्हाइट मॅटरला रक्त कमी पडल्याची खूण असू शकते, ‘वय झालं’ म्हणून सोडू नये. तिथल्या नुकसानीचे डाग एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रांत पांढरे दिसतात. रिपोर्टमध्ये फाझेकास श्रेणी (डाग किती पसरलेत ते सांगणारी, 0 ते 3) लिहून मागावी. साठीनंतर 1 बऱ्याच जणांत आढळते. 3 आली तर दुर्लक्ष नको.

2019 च्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्यांत हे डाग कमी वाढले. मात्र त्यात मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले रुग्ण घेतलेच नव्हते, हे कुणी छापत नाही.

आणि बीपी फार उतरलं तरी याच भागाचं रक्त तुटतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम, कमी पाणी आणि लघवीची गोळी एकत्र आली की हे सहज घडतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजावं, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी, आणि आकडे वहीत लिहावेत. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने घसरला, तर गोळी आपल्या मनाने बंद न करता ही वही डॉक्टरांना दाखवावी. डोस ते बदलतील.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, लातूर