चवथीला न येण्याचे कारण

तीर्थरूप आई व बाबा यांस, शिरसाष्टांग नमस्कार.

चवथीला फोंड्याच्या घरी ये, म्हणून बाबांचे दोनदा फोन आले आणि मी पुन्हा कामाची सबब सांगितली. ती खोटी होती. 1989 साली, मी नऊ वर्षांची असताना, चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचे सामान काढायला म्हणून बाबांचे आतेभाऊ मला माडीवर घेऊन गेले आणि तिथे त्यांनी माझ्यावर लैंगिक अत्याचार केला. बाबा, हे तुम्ही आज प्रथमच वाचत आहात. आईला त्याच संध्याकाळपासून ठाऊक आहे.

आई, माझा फ्रॉक तू कामवालीकडे न देता विहिरीवर स्वतः धुतलास आणि रात्री हळदीच्या पानांवर पातोळ्यांचे पीठ थापताना, हात न थांबवता, "बाबांच्या कानावर घालू नकोस, घर फुटेल," असे म्हणालीस. उकडलेल्या हळदीच्या पानांचा वास मला अजून सोसत नाही. पुष्कळ वर्षे मी तुझ्यावर रागावले होते. परंतु सासू-नणंदांच्या त्या भरल्या घरात तुझ्या शब्दाला किती किंमत होती, हे आता कळते. अब्रू सांभाळायची बाईने आणि ती घालवणाऱ्याला पंगतीत मानाचे पान, ही रीत काही तू घातलेली नव्हतीस.

1991 मध्ये मडगावला अनाथालय चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला मुलांवरील अत्याचारांसाठी अटक झाली, तेव्हा बाबांनी बातमी मोठ्याने वाचली आणि "असली माणसे आपल्यांत नसतात," असे ते म्हणाले. तेच आतेभाऊ शेजारी बसून चहा पीत होते. त्यानंतर मी बोलण्याचा विचारच सोडून दिला. पुढे पीट्सला जन्मठेप झाली, 2003 मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, पणजीत बाल न्यायालय आले. हे सारे मी वाचत राहिले, आणि प्रत्येक वेळी मनात येई की त्या मुलांचा हात धरून न्यायालयाची पायरी चढणारे घरातले कोणी मोठे माणूस होते का.

दादाची मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि माटोळीची फळे बांधायला ती पुढे असते. दादा-वहिनीला मी काल सर्व सांगितले आहे. बाबा, आतेभावांना यंदा आणि यापुढे घरी बोलावू नका, आणि कोणी कारण विचारले तर खरे तेच सांगा. माझे नाव घेतलेत तरी चालेल. तसे कळवलेत, तर मी आदल्या दिवशीच येईन आणि माटोळी मीच बांधीन.

तुमची मुलगी